दिवा लागतो, स्क्रीन मात्र काळी: आर३६एस आणि त्याच्या भावंडांची तपासणी

हातात मावणारे हे लिनक्सवाले गेमिंग सेट माझ्याकडे दुरुस्तीला येतात, ते बहुतेक एकाच तक्रारीसह: बटण दाबलं की दिवा लागतो, पण स्क्रीनवर काहीच नाही. जूनमध्ये पाऊस स्थिरावला की गर्दी वाढते. चवथीला मुंबई-पुण्याची भाचरं गावी आली की आणखी वाढते. त्यातले अर्धे सेट आधीच एखाद्या मोबाईलवाल्याला दाखवून आणलेले असतात आणि त्याचं निदान ठरलेलं असतं: "बोर्ड गेला."

बहुतेक वेळा बोर्ड गेलेला नसतो. फोन काळा पडला तर बोर्डावर संशय घेणं बरोबर आहे, कारण फोनची सिस्टीम बोर्डावरच्या चिपमध्ये असते. इथे ती मायक्रोएसडी कार्डावर असते. कार्ड काढून घ्या आणि सेट चालू करा. चांगला धडधाकट सेटही मेलेल्यासारखाच वागेल. दिवा एवढंच सांगतो की बोर्डापर्यंत वीज पोचली. पुढे कार्ड वाचलं गेलं की नाही, हे त्या दिव्याला ठाऊक नसतं.

हे कोणत्या सेटना लागू आहे? कोरियाच्या हार्डकर्नल कंपनीने २०२० साली ओड्रॉइड-गो ॲडव्हान्स काढला: रॉकचिपची आरके३३२६ ही चार कोअरची चिप, १ जीबी रॅम, साडेतीन इंची पडदा, ३००० एमएएचची बॅटरी. सेट सुट्या भागांत यायचा, स्क्रू पिळून आपणच जोडायचा. कंपनीने सर्किटचे नकाशे लोकांसाठी उघडे ठेवले. खेळांचा मेन्यू दाखवणारं इम्युलेशनस्टेशन आणि जुने खेळ चालवणारं रेट्रोआर्क तर आधीपासूनच मुक्त स्रोताचे. मग त्याच चिपवर अँबर्निकची आरजी३५१ मालिका आली, नंतर स्वस्तातला आर३६एस आला आणि हौशी लोकांनी या सगळ्यांसाठी आर्कओएससारख्या सिस्टीम तयार केल्या. आज गोव्यात मुलांच्या हातात दिसतो तो बहुधा आर३६एस. लोक त्याला 'गेमचा डबा' म्हणतात. मला तो खिशातला उबुंटू, म्हणजे कॉम्प्युटरवरचा लिनक्स, वाटतो, कारण आर्कओएस आतून तेच आहे. कीबोर्ड जोडा, टर्मिनल उघडा, हवं ते मोडा, परत उभं करा. एवढ्या पैशांत असं खेळणं दुसरं मिळत नाही.

आता लक्षणं. आधी तुमचं नक्की कोणतं ते ओळखा, कारण पुढचा अर्धा वेळ तिथेच वाचतो.

- दिवा लागतो, स्क्रीन पूर्ण काळी, आवाजही नाही. संशय कार्डावर.
- लोगो येतो आणि तिथेच अडकतो, किंवा पुन्हापुन्हा लोगोच येतो. कार्डावरची सिस्टीम बिघडली आहे, किंवा बॅटरी इतकी खाली आहे की ताण आला की सेट बसतो.
- पांढऱ्या अक्षरांच्या ओळी धावतात आणि थांबतात. हे चांगलं लक्षण. बोर्ड, पडदा, बॅटरी सगळं जिवंत आहे. शेवटच्या ओळीचा फोटो काढून ठेवा.
- मेन्यू येतो, पण खेळांची यादी रिकामी. दुसरं कार्ड, किंवा खेळांचं पार्टिशन, म्हणजे कार्डाचा खेळांसाठी राखलेला भाग.
- पडदा काळा, पण बटणं दाबली की मेन्यूचा टिकटिक आवाज येतो. सिस्टीम चालू आहे. दोष पडद्याचा किंवा चुकीच्या डीटीबी फाइलचा (ती खाली येईल).
- पडदा पांढराफटक, किंवा उभ्या रेघा. पडद्याची चपटी रिबन केबल.
- दिवाच लागत नाही. पहिल्या पायरीपासून सुरू करा, उड्या मारू नका.

चार्जर आणि केबल

फुकटची तपासणी आहे म्हणून आधी. आर३६एसला टाईप-सीची दोन भोकं असतात. एक चार्जिंगचं, त्यावर डीसी लिहिलेलं असतं, दुसरं ओटीजीचं, म्हणजे कीबोर्डसारखी यंत्रं जोडायचं. रात्रभर ओटीजीत केबल खुपसून "चार्जच होत नाही" म्हणणारे पुष्कळ भेटतात.

दुसरी गोष्ट केबलची. नव्या फोनसोबत येणारी केबल दोन्ही टोकांना टाईप-सी असते. अशा केबलवर चार्जर आधी विचारतो की पलीकडे कोण आहे, आणि पलीकडच्या यंत्राने ५.१ किलोओहमच्या दोन बारक्या रेझिस्टरांतून उत्तर द्यायचं असतं. स्वस्त सेटमध्ये ते रेझिस्टर बरेचदा बसवलेलेच नसतात. उत्तर नाही, म्हणून चार्जर वीजच सोडत नाही. चार्जर, केबल, सेट तिन्ही चांगले आणि चार्जिंग शून्य. उपाय सोपा: एका टोकाला जुनं चौकोनी यूएसबी असलेली केबल आणि साधा ५ व्होल्टचा चार्जर. अशा केबलवर वीज न विचारता येते.

बॅटरी पूर्ण उतरली असेल तर लगेच बटण दाबत बसू नका. तळाला गेलेल्या लिथियम सेलला चार्जिंगची चिप सुरुवातीला मुद्दाम थेंबथेंब वीज देते. अर्धा-पाऊण तास राहू द्या. मग पॉवरचं बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, सोडा, आणि पुन्हा नेहमीसारखं चालू करा. रीसेटचं वेगळं बटण असेल तर ते एकदा दाबा. सेट 'अर्धवट चालू' अवस्थेत अडकला असेल तर तो इथेच सुटतो.

कार्ड काढा, पुसा, परत घाला

सेट बंद असताना दोन्ही कार्डं बाहेर काढा. कोणतं कुठलं होतं ते लक्षात ठेवा. टीएफ१ मध्ये सिस्टीमचं कार्ड, टीएफ२ मध्ये खेळांचं. दोन भावंडांत एक सेट असला की कार्डांची अदलाबदल हमखास झालेली असते, आणि मग टीएफ१ मध्ये फक्त खेळ, सिस्टीम नाही. काळी स्क्रीन.

आता नुसतं सिस्टीमचं कार्ड घालून चालू करा. चालला तर दोष दुसऱ्या कार्डात आहे आणि तुम्ही वाचलात.

नाही चालला तर कार्डाचे सोनेरी पट्टे उजेडात तिरके धरून बघा. किनाऱ्यालगत, मोरजी-मांद्रेपासून खाली बेतूलपर्यंत, हवेत मीठ असतं आणि पावसाळ्यात दमटपणा. दोन्ही मिळून त्या पट्ट्यांवर मळकट थर बसतो. फोंडा-डिचोलीकडे मीठ कमी, पण कपाटातल्या चपलांवर बुरशी धरणारी हवा तीच. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पट्टे पुसा, पाच मिनिटं सुकू द्या, आणि दोन-चार वेळा कार्ड स्लॉटमध्ये आतबाहेर करा, म्हणजे स्लॉटच्या पिनांवरचा थरही थोडा घासला जाईल. स्लॉटमध्ये टाचणी, सुई, सेफ्टीपिन काहीही घालू नका. तिथल्या पिना केसाएवढ्या असतात, आणि एक वाकली की दुरुस्ती कापडावरून थेट सोल्डरिंगवर जाते.

कार्ड कॉम्प्युटरला लावा, आणि 'फॉरमॅट' वर बोट ठेवू नका

ही पायरी नीट वाचा. सेटपेक्षा सेव्ह केलेले खेळ जास्त वेळा इथेच मरतात.

कार्ड विंडोजला लावलं की एकामागून एक खिडक्या उघडतात: "डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करावी लागेल." घाबरून लोक 'हो' म्हणतात. कार्डात काही बिघडलेलं नसतानाही ही खिडकी येते. आर्कओएसच्या कार्डावर तीन भाग असतात: सुरुवातीचा छोटा बूट विभाग, मधला लिनक्सचा आणि शेवटचा खेळांचा, ज्याचं नाव इझीरॉम्स असतं. मधला भाग ईएक्सटी४ पद्धतीचा. विंडोजला तो वाचता येत नाही, म्हणून त्याला तो कोरा वाटतो. प्रत्येक खिडकीला 'रद्द करा' म्हणा.

मग आधी नक्कल, नंतर दुरुस्ती. बूट विभागातल्या सगळ्या फाइली एका फोल्डरमध्ये कॉपी करा. त्यात नावाच्या शेवटी डीटीबी असलेल्या फाइली दिसतील. त्या जिवापाड जपा. कारण पुढच्या पायरीत कळेल. इझीरॉम्समधून सेव्ह फाइली कॉपी करा. जमल्यास विन३२ डिस्क इमेजरने अख्ख्या कार्डाची प्रत काढा.

कॉपी करताना काय होतं त्यावरून कार्डाची तब्येत कळते. वेग मध्येच शून्यावर जातो, कार्ड हाताला गरम लागतं, एकाच फाइलपाशी दर वेळी गाडी अडते, तर कार्ड शेवटच्या घटका मोजतं आहे. त्याच्यावर दुरुस्तीचा प्रयोग करू नका, जेवढं निघेल तेवढं काढून घ्या. उलट सगळं सुरळीत कॉपी झालं तर कार्ड ठीक असून फक्त फाइलव्यवस्था विस्कटलेली असू शकते. लिनक्सवर कार्डाचे भाग न उघडता (माउंट न करता) ईएक्सटी४ भागावर एफएससीके हा फाइलव्यवस्था तपासणारा प्रोग्राम चालवा. विंडोजवरचं तसंच चेकडिस्क फक्त बूट आणि खेळांच्या भागाला लागू पडतं, मधल्याला नाही.

कार्ड खराब का होतं, हेही सांगतो, कारण लोक नशिबाला दोष देतात. पहिलं कारण, सेटसोबत डब्यात येणारं बिननावाचं कार्ड. त्याच्यावर ६४ जीबी लिहिलेलं असतं, आतला माल कुठला ते देव जाणे. एच२टेस्टडब्ल्यू किंवा लिनक्सवर एफ३ हे प्रोग्राम कार्डावर काठोकाठ लिहून परत वाचतात आणि खोटी क्षमता उघडी पाडतात. दुसरं कारण सवयीचं. पणजीहून फोंड्याला येताना बसमध्ये खेळ रंगलेला असतो, स्टॉप येतो, आणि पोरगं पॉवरचं बटण दाबून धरून सेट मारतं. त्या क्षणी कार्डावर काही लिहिलं जात असेल तर ते अर्धवट राहतं. वर सेव्हही जातो: रेट्रोआर्क मूळ सेटिंगमध्ये खेळाच्या आतला सेव्ह आधी रॅममध्ये ठेवतं आणि खेळ नीट बंद केल्यावर कार्डावर उतरवतं. रेट्रोआर्कच्या सेव्हिंग विभागात सेव्हरॅम ऑटोसेव्हचा कालावधी ठरवता येतो. तो चालू करून ठेवा.

नवं कार्ड, नवी सिस्टीम

काही शे रुपयांचा खर्च, आणि माझ्या मते तपासणी म्हणून हाच सगळ्यात निर्णायक. सॅनडिस्क किंवा सॅमसंगचं ३२ जीबीचं कार्ड पक्क्या दुकानातून घ्या. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात चवळीपासून चोरिसापर्यंत सगळं घ्या, मेमरी कार्ड तेवढं नको.

तुमच्या मॉडेलची आर्कओएसची इमेज, म्हणजे कार्डावर जशीच्या तशी लिहायची सिस्टीमची फाइल, उतरवा. 'जवळपास तीच' चालत नाही: आरजी३५१पी ची इमेज आर३६एसला लावली तर काळी स्क्रीन नव्याने मिळेल. बलेना एचर या प्रोग्रामने इमेज कार्डावर लिहा आणि शेवटची पडताळणी पूर्ण होऊ द्या.

आता डीटीबीची गोष्ट. आर३६एस बनवणारे कारखाने वेगवेगळ्या खेपांत वेगवेगळे पडदे बसवतात. बाहेरून सेट एकच, आतला पडदा निराळा. पडद्याशी कसं बोलायचं हे लिनक्सला डिव्हाइस ट्रीच्या फाइलीतून, म्हणजे त्या डीटीबीतून कळतं. नव्या इमेजमध्ये दुसऱ्या पडद्याची डीटीबी असेल तर सिस्टीम व्यवस्थित सुरू होते, मेन्यूचा आवाजही येतो, चित्र मात्र येत नाही किंवा उलटंपालटं येतं. आधीच्या पायरीत जपून ठेवलेल्या जुन्या डीटीबी नव्या कार्डाच्या बूट विभागात टाका, नावं तीच ठेवून. बहुतेक वेळा पडदा उजळतो. जुनं कार्ड पार गेलं असेल तर आर३६एसच्या इमेजसोबत पडद्यांच्या निरनिराळ्या डीटीबी मिळतात, त्या एकेक करून लावून बघाव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण फुकटचं आहे. आर३६एसच्या नकलाही बाजारात आहेत आणि त्यांचा बोर्डच वेगळा. त्यांच्यावर एकही डीटीबी लागू पडली नाही तर त्या बोर्डासाठी बनवलेली इमेज शोधावी लागते.

पहिल्यांदा चालू केल्यावर सेट स्वतःच पार्टिशन वाढवतो, एखाददुसऱ्यांदा आपणहून रीस्टार्ट होतो. काही मिनिटं पडदा काळाही राहील. हात आवरा. त्यापूर्वी बॅटरी भरलेली असू द्या.

नव्या कार्डावर सेट उठला, तर झालं. खाली वाचायची गरज नाही.

पडदा की पाठचा उजेड

आवाज येतो, डीटीबीही बरोबर आहे, तरी काळंच? अंधाऱ्या खोलीत जा, सेट चालू करा, मोबाईलचा टॉर्च पडद्यावर तिरका मारा. फिकट, भुतासारखा मेन्यू दिसला तर पडदा शाबूत आहे आणि पाठचा दिवा गेला आहे. काहीच दिसलं नाही तर रिबन केबल सुटली असेल किंवा पडदाच गेला असेल. आधी ब्राइटनेस शून्यावर नाही ना, तेवढं बघा. बटणांच्या जोडीने तो नकळत खाली जातो आणि हे निदान झाल्यावर सगळे हसतात.

पाणी गेलं असेल तर

चालू करून बघायचा मोह टाळा. ओलेपणा स्वतः फार काही करत नाही; ओलाव्यावरून वीज वाहिली की पट्ट्या खाल्ल्या जातात. कार्डं काढा, झाकण उघडता येत असेल तर बॅटरीचा कनेक्टर सोडवा. उकड्या तांदळाच्या डब्यात पुरू नका. तांदूळ पाणी ओढण्यात मंद आणि त्याचं पीठ भोकांत जातं. पंख्याखाली ठेवा, नंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत दोन दिवस. मे महिन्यात पुरुमेंताचं, म्हणजे पावसाळ्याच्या साठवणीचं, सामान भरताना या पुड्याही भरून ठेवाव्यात असं माझं मत आहे. सेट वापरात नसेल तेव्हा पावसाळाभर त्याची जागा त्या डब्यातच. गाडीच्या डॅशबोर्डवरचं ऊन आणि ओव्हन दोन्ही बॅटरीचे शत्रू.

समुद्राचं पाणी गेलं असेल तर वाळवून भागत नाही. पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं आणि हवेतला दमटपणा ओढून पुन्हा काम सुरू करतं. सरळ शेवटच्या भागात जा.

मागचं झाकण उघडणं

वॉरंटी संपली असेल आणि हात स्थिर असेल तरच. चांगला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर, प्लॅस्टिकची पातळ पट्टी, उजेड. उघडल्याबरोबर पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं. तार ओढायची नाही, कनेक्टरच्या प्लॅस्टिकला धरून हलवायचं.

मग पडद्याची रिबन. तिच्या सॉकेटला बारीक काळी किंवा तपकिरी पट्टी असते. ती नखाने उभी करा, रिबन सरळ बाहेर काढा, टोक अल्कोहोलने पुसा, पूर्ण आत बसवा, पट्टी खाली दाबा. सेट उंचावरून पडून पांढरा झाला असेल तर बरेचदा एवढ्यावर भागतं. पट्टी मोडली की सॉकेट बदलावा लागतो, म्हणून जोर नको.

मल्टिमीटर असेल तर बॅटरी मोजा. भरलेली ४.२ व्होल्टच्या आसपास, कामापुरती ३.७. तीन व्होल्टच्या बरीच खाली रुतलेली बॅटरी जबरदस्तीने जागी करू नका, बदला. शून्य दाखवत असेल तर तिच्या संरक्षक सर्किटने दार लावून घेतलेलं असू शकतं, चार्जरवर ते कधीकधी उघडतं.

बोर्डावर हिरवट-पांढरी बुरशीसारखी पूड दिसली तर मऊ ब्रश आणि अल्कोहोल. पुसल्यावर खालची तांब्याची पट्टी तुटलेली दिसली तर तुमचं काम संपलं.

जाता जाता, ज्यांच्याकडे जुना ओपनपंडोरा आहे त्यांच्यासाठी. २०१० साली लोकांच्या हाती पडू लागलेला हा कीबोर्डवाला सेट गोव्यात दुर्मीळ, पण त्याच्या मालकाचं प्रेम मोठं असतं. त्याची सिस्टीम आतल्या ५१२ एमबी फ्लॅशवर असते, म्हणून वरचं कार्डाचं गणित तिथे उलटं. उजवं शोल्डर बटण दाबून चालू करा, बूट मेन्यू आला आणि एसडी कार्डावरून सिस्टीम उठली तर आतली फ्लॅश बिघडली आहे. झाकणाचा कोन बदलल्यावर चित्र येत-जात असेल तर बिजागरीतून जाणारी पडद्याची केबल झिजली आहे. ती बदलणं हौशी माणसाचं काम नाही.

इथे थांबा आणि जाणकाराकडे द्या

बॅटरी फुगली आहे, झाकण वर उचललं गेलं आहे, किंवा गोडसर रासायनिक वास येतो आहे: लगेच थांबा. चार्जिंगला लावू नका, दाबून सपाट करायला जाऊ नका, टोचू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. सेट फरशीवर, जळाऊ वस्तूंपासून लांब ठेवा आणि दुरुस्तीवाल्याला आधी फोन करून सांगा की बॅटरी फुगली आहे.

चार्जिंगचं भोक हलतं, केबल एका कोनात धरली तरच दिवा लागतो: सोल्डर सुटलं आहे. घरच्या जाड सोल्डरगनने टाईप-सीच्या पिना जोडायला जाऊ नका. मोबाईलच्या चार्जिंग पोर्टचं सूक्ष्म सोल्डरिंग करणारा कारागीर पणजी, म्हापसा, मडगाव कुठेही सापडेल, आणि त्याच्यासाठी ते रोजचं काम आहे.

चार्जिंगला लावल्यावर चिपच्या जागी चटका बसतो, खारं पाणी गेलं आहे, तांब्याच्या पट्ट्या तुटल्या आहेत, किंवा नव्या कार्डावर बरोबर इमेज आणि बरोबर डीटीबी असूनही दिवा सोडून काही नाही: हीही त्याचीच कामं.

सेट देताना कार्डं घरी ठेवा, नाहीतर तुमचे सेव्ह दुसऱ्याच्या हाती जातील. कारागिराला मात्र एक चालतं कार्ड द्या, ज्याच्यावर नव्याने सिस्टीम लिहिलेली आहे, आणि आधीच सांगा: "याची सिस्टीम कार्डावर असते, कार्डाशिवाय हा काळाच दिसतो." काय काय तपासलं ते कागदावर लिहून सेटला रबरबँडने बांधा. आणि दुरुस्तीचा आकडा नव्या सेटच्या अर्ध्याच्या वर गेला तर दुरुस्ती नको म्हणा. जुन्या सेटचा पडदा, बटणं आणि बॅटरी चांगली असेल तर तो फेकू नका. पुढच्या पावसाळ्यात कुणाला तरी तेच भाग लागतात.